शंकरराव किर्लोस्कर : एका व्यंगचित्रकार-संपादकाचे चरित्र

बेंगळूरच्या यशवंतपूर परिसरात ‘किर्लोस्कर’ हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विजेची मोटार उभी राहते. १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा उद्योग यशवंतपूरला लागून असलेल्या राजाजीनगर-मल्लेश्वरम भागात वाढला. त्यापूर्वी, १९४१ साली, याच घराण्याने म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रनिर्मितीचा कारखाना काढला होता. कर्नाटकात हे नाव यंत्रांशी जोडले गेले. महाराष्ट्रात मात्र दोन-तीन पिढ्यांच्या सुशिक्षित कुटुंबांना ते एका मासिकाचे नाव म्हणूनही तितकेच परिचित होते. ज्या घराण्याने नांगर आणि पंप घडविले, त्याच घराण्यातील एका पुरुषाने हे मासिक सुरू केले, दीर्घकाळ त्याचे संपादन केले आणि त्याच्या पानांवर स्वतःच्या हाताने व्यंगचित्रे काढली. शंकर वासुदेव किर्लोस्कर हे त्यांचे नाव. आद्याक्षरांवरून ते ‘शंवाकि’ या नावाने ओळखले जात.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची नोंद संपादक म्हणून होते, तर मराठी व्यंगचित्रकलेच्या इतिहासात आरंभीच्या काळातील एक चित्रकार म्हणून. या दोन नोंदी सहसा एका ठिकाणी येत नाहीत. चरित्र पाहू जाता त्या परस्परांपासून विलग करता येत नाहीत, असे दिसते. शंकररावांचे संपादन हे रेषेने विचार करणाऱ्या माणसाचे संपादन होते आणि त्यांचे चित्र हा संपादकीय युक्तिवादाचाच एक भाग होता. त्यांच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

किर्लोस्कर घराण्याचे मूळ कोकणातले असले, तरी त्याची मराठी मनाला ठाऊक असलेली शाखा बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावची. कानडी मुलखातील या गावाने मराठीला प्रथम एक नाटककार दिला. ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) आणि ‘संगीत सौभद्र’ (१८८२) या नाटकांनी मराठी रंगभूमीचे युग पालटणारे अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) याच गावचे. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा जन्मही गुर्लहोसूरचाच. लक्ष्मणरावांचे बंधू डॉ. वासुदेवराव हे सोलापुरात वैद्यकीचा व्यवसाय करीत. त्यांच्या पोटी ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे शंकररावांचा जन्म झाला. दोन भाषांच्या सीमेवरचे मूळ, नाटकाचे नाव असलेले कुळ आणि यंत्राचा ध्यास घेतलेले चुलते, असा हा वारसा होता.

या वारशात चित्रकलेचाही एक धागा आहे आणि तो ध्यानात घेण्यासारखा आहे. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यासाठीच गेले होते. आपल्या दृष्टीला काही रंगांतला भेद नीट कळत नाही, हे तेथे उघडकीस आले आणि त्यांना रंगचित्रणाचा नाद सोडावा लागला. मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि त्या आरेखनातून पुढे कारखाना उभा राहिला. रंग हुकला, पण रेषा हाती राहिली. चुलत्याने जी रेषा यंत्राच्या आराखड्यासाठी वापरली, ती पुतण्याने माणसांच्या चेहऱ्यांसाठी वापरली. योगायोग असला तरी तो अर्थपूर्ण आहे. दोघांच्याही रेषेचे प्रयोजन उपयुक्ततेचे होते.

शंकररावांचे कलाशिक्षण मुंबईत आणि लाहोरला झाले. लाहोरला त्या काळी श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) यांचा चित्रव्यवसाय चालत असे. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून ख्याती पावलेले सातवळेकर हे आधी नाणावलेले चित्रकार होते, हे आज बहुधा विस्मृतीत गेले आहे. त्यांच्याजवळ शिकण्यासाठी सोलापूरचा एक तरुण पंजाबपर्यंत जातो, यातून त्या पिढीची जिद्द दिसते. हे शिक्षण पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे होते. शरीराची ठेवण, छायाप्रकाश आणि व्यक्तिचित्राचे साम्य यांवर त्याचा भर असे. व्यंगचित्रकाराला या सर्वांचा अभ्यास असावा लागतो. कोणती गोष्ट वाढवायची आणि कोणती गाळायची, हे तो त्या अभ्यासाच्या आधारावरच ठरवितो.

दरम्यान लक्ष्मणरावांच्या उद्योगाने नवे स्थान शोधले होते. बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकानजीकचा माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. कथा चित्रमालिकेतून सांगण्याची परंपरा मराठी मुलखाला परकी नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारताची चित्रे एकेक करून दाखवीत कथा गात आले होते. औंधच्या राजाने तीच गोष्ट मुद्रणाच्या युगात आणली. अशा संस्थानाच्या आश्रयाला असलेल्या वसाहतीत शंकरराव आले. त्यांच्याकडे आलेले काम मात्र पुराणकथांचे नव्हते. ते होते लोखंडी नांगर लोकांना पटवून देण्याचे.

हे काम किती अवघड होते, याची कल्पना उद्योगाच्या आरंभीच्या इतिहासावरून येते. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि लक्ष्मणरावांचे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. मालाचा दर्जा सिद्ध करून हा समज जाणारा नव्हता. त्यासाठी लोकांच्या मनाशीच झगडावे लागणार होते. विक्री आणि प्रसिद्धी यांची जबाबदारी सांभाळताना शंकररावांना जो धडा मिळाला, तोच पुढे त्यांच्या संपादनाचा पाया ठरला. रूढी ही तर्काने एका दिवसात मोडत नाही. तिला वारंवार, निरनिराळ्या रूपांनी आणि शक्य तर हसवत धक्का द्यावा लागतो. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चित्र कळते. आणि ज्याला उपदेश नकोसा वाटतो, तोही चित्रापाशी क्षणभर थांबतो.

१९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. नावाप्रमाणेच ते कारखान्याचे वार्तापत्र होते. माल, विक्रेते आणि शेतकरी यांच्याशी संपर्क राखणे हा त्याचा हेतू. अशी पत्रके जगभरच्या कारखान्यांनी काढली आणि त्यांतील बहुतेक आपला व्यापारी हेतू संपताच विसरली गेली. ‘खबर’चे तसे झाले नाही, याचे श्रेय संपादकाच्या दृष्टीला द्यावे लागते. उद्यम, आरोग्य, स्वावलंबन, प्रवास, विज्ञान आणि समाजसुधारणा हे विषय त्यात हळूहळू शिरले आणि दशक संपता संपता ‘खबर’ हा शब्द गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. कारखान्याचे पत्रक मराठी मध्यमवर्गाचे मासिक बनले होते.

या परिवर्तनात व्यंगचित्राचा वाटा समजण्यासाठी त्या काळच्या मुद्रणाची थोडी माहिती हवी. छायाचित्र किंवा रंगचित्र छापायचे तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक आणि गुळगुळीत कागद लागे; ते पान बहुधा वेगळे छापून अंकात लावावे लागे. उलट, टाकाने काळ्या शाईत काढलेल्या चित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक खिळ्यांच्या जुळणीतच बसविता येई आणि साध्या कागदावर मजकुराबरोबर एकाच दाबात उमटे. म्हणजे रंगचित्र हे अंकाचे आभूषण, तर रेषाचित्र हे मजकुराचे सोबती. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने (१८९५) मराठी मासिकाला चित्रांची गोडी लावली आणि १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथाही सुरू केली. शंकररावांनी चित्राचे काम बदलले. लेख वाचल्यानंतर डोळे निवविण्यासाठी ते नव्हते. लेख जे सांगतो, तेच ते आपल्या परीने सांगत होते. हुंडा, बुवाबाजी, अस्पृश्यता, कर्मकांड आणि आळस यांवर त्यांच्या टाकाने सतत प्रहार केले. त्यांच्या व्यंगचित्रसंग्रहाचे ‘टाकांच्या फेकी’ हे नावच त्यांची वृत्ती सांगते. टाक हे लेखकाचेही साधन आणि चित्रकाराचेही, आणि त्याची फेक म्हणजे नेम धरून केलेला वार.

अशा चित्रकार-संपादकाला तत्कालीन जगात समांतर उदाहरणे सापडतात. जपानमध्ये कितझावा राकुतेन (१८७६–१९५५) यांनी वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत व्यंगचित्रे काढता काढता १९०५ साली ‘टोकियो पक’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. ‘मांगा’ या जुन्या शब्दाला आजचा अर्थ रूढ करून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता आणि त्या देशातील पहिले व्यावसायिक मांगाकार म्हणून त्यांना मान मिळाला. भारतीय भाषांत पाहू गेल्यास लखनौच्या ‘अवध पंच’ने १८७७ पासून उर्दूत उपहासाची परंपरा रुजविली होती. १९०६ साली निघालेल्या ‘इंडिया’ या तमिळ साप्ताहिकात सुब्रह्मण्य भारतींनी व्यंगचित्रांचा राजकीय उपयोग केला. बंगालीत गगनेंद्रनाथ ठाकुरांनी १९१७ च्या सुमारास बाबू समाजावर बोचरी व्यंगचित्रे रचली आणि सुकुमार राय (१८८७–१९२३) यांनी ‘संदेश’ मासिकात संपादक, लेखक आणि चित्रकार या तिन्ही भूमिका एकहाती निभावल्या.

या मालिकेत शंकररावांचे वेगळेपण कशात आहे? भारतींचे व्यंगचित्र परकीय सत्तेकडे रोखलेले होते. गगनेंद्रनाथांची चित्रे एका थोर कलावंताची निर्मिती होती, पण त्यांच्यामागे नियमित मासिकाचा वाचकवर्ग नव्हता. सुकुमार रायांची प्रतिभा निर्मळ विनोदाची, अर्थहीनतेतून अर्थ फुलविणारी. राकुतेन यांनी चित्र हाच आपला व्यवसाय केला आणि पुढच्या जपानी चित्रकथाकारांसाठी वाट तयार केली. शंकररावांनी चित्राला स्वतंत्र व्यवसाय मानले नाही. कारखाना, मासिक आणि समाज या तिघांच्या मध्ये ते उभे होते. कलेच्या दृष्टीने ही त्यांची मर्यादा असेल, परंतु प्रभावाच्या दृष्टीने हेच त्यांचे बळ ठरले. व्यंगचित्र महिन्यामागून महिना एकाच घरात जात राहिले आणि त्या घरातील माणसांना स्वतःकडे पाहून हसण्याची सवय लागली.

१९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही आणखी दोन मासिके निघाली. कुटुंबातील निरनिराळ्या वाचकांचा वेगवेगळा विचार करण्याची ही योजना होती. ‘स्त्री’चे महत्त्व विशेष. विवाह, शिक्षण, अर्थार्जन आणि घरातील अन्याय या विषयांवर स्त्रियांनी स्वतः लिहावे, यासाठी तिने जागा करून दिली. याच काळात रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील मतांनी सनातन्यांचा रोष ओढवणे अटळ होते. उद्योगाच्या नावाने चालणाऱ्या मासिकाने असा रोष पत्करणे ही साधी गोष्ट नव्हे. नांगर घेणारा शेतकरी आणि मासिक वाचणारा गृहस्थ यांच्यापैकी कोणाच्या श्रद्धेला केव्हा धक्का बसेल आणि त्याचा परिणाम मालाच्या खपावर होईल, हे सांगता येत नसते. संपादकाने सावधपणा बाजूला ठेवला आणि उद्योगाने संपादकाला मोकळीक दिली, हे दोन्ही नमूद करण्याजोगे आहे.

तरीही या कार्याच्या मर्यादा झाकून उपयोग नाही. शंकररावांचा सुधारणावाद हा बहुतांशी शहरी, पांढरपेशा, उच्चवर्णीय वाचकाला उद्देशून होता. अस्पृश्यतेवर टीका करणाऱ्या व्यंगचित्राचा वाचक हा सहसा ती पाळणारा होता. ती सोसणारा क्वचितच. ‘स्त्री’चा आरंभ पुरुषाच्या संपादनाखाली झाला आणि स्त्रीने कसे व्हावे, हे सांगण्याचा सूर तिच्यात दीर्घकाळ राहिला. बोधप्रधान व्यंगचित्राचा एक अंगभूत दोषही असतो. दुष्ट आणि सुष्ट, जुना आणि नवा असे साचे ठरून जातात, आणि साचा ठरला की माणूस दिसेनासा होतो. शुद्ध विनोदाच्या कसोटीला लावली तर त्यांची सर्वच चित्रे उतरतील, असे म्हणता येणार नाही. पण ती त्या कसोटीसाठी काढलेली नव्हती. नांगर सुंदर आहे की नाही, हे विचारण्याआधी तो किती खोल जातो, हे पाहावे लागते.

१९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. पुढील काळात मासिकांचे केंद्र पुण्याला गेले आणि संपादनाची सूत्रे क्रमाने शंकररावांचे पुत्र मुकुंदराव आणि पुढच्या पिढीकडे आली. शंकररावांनी लेखन चालू ठेवले. चुलत्यांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने त्यांनी लिहिले आणि आयुष्याच्या अखेरीस, १९७४ साली, ‘शंवाकीय’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. एका ग्रंथात यंत्राची कथा, दुसऱ्यात टाकाची. दोन्ही मिळून एका घराण्याचे आणि एका कालखंडाचे चित्र पुरे होते. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात ‘स्त्री’च्या संपादनाची धुरा विद्या बाळ यांच्यासारख्या स्त्रीकडे आली आणि त्यांनीच १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ हे स्वतंत्र मासिक सुरू केले. पुरुषाने स्त्रियांसाठी उघडलेले दार स्त्रियांनी आपल्या हाती घेतले, असा या घटनेचा अर्थ लावता येईल. व्यंगचित्राच्या क्षेत्रातही संपादक आणि चित्रकार एकच असण्याची परंपरा मराठीत पुढे चालली. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढून चित्राला सौंदर्याची आणि दिवाळी अंकाला देखणेपणाची नवी दृष्टी दिली. बाळ ठाकरे यांनी १९६० साली ‘मार्मिक’ काढले आणि त्यात व्यंगचित्राचा रोख राजकारणाकडे वळला. तेच साधन एकाने समाजाच्या आत्मपरीक्षणासाठी, दुसऱ्याने रसिकतेसाठी आणि तिसऱ्याने राजकीय संघटनेसाठी वापरले. या तिघांना एका ओळीत ठेवून पाहिल्यावाचून विसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांचा इतिहास पुरता उमगणार नाही.

ज्या बेंगळूरच्या उल्लेखाने हा लेख आरंभिला, त्या शहरातही अशीच एक घटना घडली होती. डॉ. एम. शिवराम म्हणजेच ‘राशि’ यांनी १९४२ साली ‘कोरवंजी’ हे कन्नड विनोदी मासिक सुरू केले आणि आर. के. लक्ष्मण यांची आरंभीची चित्रे त्यात आली. कन्नड आणि मराठी या शेजारी भाषांनी व्यंगचित्र आणि मासिक यांची सांगड आपापल्या रीतीने घातली. दोन्हींचा एकत्र अभ्यास व्हावयास हवा, आणि तो भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनीच करावयाचा आहे.

त्या अभ्यासात एक व्यावहारिक अडचण आहे. जुन्या मासिकांच्या फायली बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. मासिकांतील लेखांचे संग्रह निघतात, तेव्हा लेखाशेजारचे चित्र वगळले जाते. परिणामी शब्द उरतात आणि त्यांच्याशी वाद-संवाद करणारी रेषा नाहीशी होते. शंकररावांच्या बाबतीत ही हानी अधिकच मोठी. त्यांचे विचार त्यांच्या लेखांत जेवढे आहेत, तेवढेच त्या लेखांच्या कडेला असलेल्या काळ्या शाईच्या आकृत्यांत आहेत आणि नांगराच्या जाहिरातींतही आहेत. ‘किर्लोस्कर’चा जुना अंक हाती घेणाऱ्या संशोधकाने म्हणून पान अर्धे वाचू नये. लेखाइतकेच लक्ष त्याने त्या चित्राकडे आणि जाहिरातीकडे द्यावे. शंवाकिंनी ते पान तसेच, सगळे मिळून एक, असे रचलेले होते.